पाय पाहायला शिकवून मुले पाठवा : परदेशातील महाराष्ट्र मंडळांस खुले पत्र

परदेशातील महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीचे सर्व सदस्य आणि आपल्या मुलामुलींना सुट्टीत कुष्ठरोग वसाहतींमध्ये सेवेसाठी पाठवू इच्छिणारे पालक यांस,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी उजाडला की आमच्या रुग्णालयाच्या कार्यालयात तुमची पत्रे येऊ लागतात. न्यू जर्सी, टोरांटो, लंडन, सिडनी अशा ठिकाणांहून आलेल्या या पत्रांची भाषा आर्जवी असते, हेतू स्वच्छ असतो आणि मजकूर थोड्याफार फरकाने सारखाच असतो. मुलगी सोळा-सतरा वर्षांची आहे, दोन-तीन आठवडे राहू शकेल, आधी आजी-आजोबांकडे जाऊन मग इकडे येईल, आणि कुष्ठरुग्णांच्या मुलांबरोबर काम करण्याची तिची फार इच्छा आहे. या पत्रांना उत्तरे लिहिण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. रुग्णांच्या पायांची काळजी कशी घ्यायची ते आम्हाला शिकवाल का, असे विचारणारे पत्र मात्र आजवर आल्याचे मला आठवत नाही. एकेका पत्राला वेगळे उत्तर देण्याऐवजी सगळ्यांशी एकदाच मोकळेपणाने बोलावे, म्हणून हे लिहीत आहे.

मी फिजिओथेरपी विभागात तंत्रज्ञ म्हणून अठरा वर्षे काम करते. त्याआधीची माझी ओळख अशी, की विदर्भातील एका कुष्ठरोग वसाहतीत माझा जन्म झाला आणि तिथेच मी वाढले. माझे आई-वडील दोघेही कुष्ठमुक्त. वडील आता नाहीत. आई अजून वसाहतीतील त्याच दोन खोल्यांमध्ये राहते. ज्या मुलांसाठी तुमची मुले येऊ इच्छितात, त्यांच्यापैकी मी एक होते.

तुमच्या पत्रांच्या शेवटी संकोचाने विचारलेला एक प्रश्न हमखास असतो, त्याचे उत्तर आधी देते. कुष्ठरोग आनुवंशिक नाही. तो जंतूमुळे होतो, बहुसंख्य माणसांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती उपजतच असते, आणि १९८०च्या दशकापासून वापरात असलेल्या बहुविध औषधोपचाराने, म्हणजे एमडीटीने, तो सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो. ही औषधे मोफत मिळतात आणि ती सुरू झाल्यावर थोड्याच अवधीत रुग्णापासून संसर्ग होण्याचा धोका संपतो. वसाहतींमधील बहुतेक वृद्ध माणसे रोगातून बरी होऊन कित्येक वर्षे लोटली आहेत. याचा अर्थ रोग देशातून गेला असा मात्र नाही. दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट भारताने २००५च्या अखेरीस गाठल्याचे जाहीर झाले, परंतु आजही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण भारतात सापडतात आणि त्यांची संख्या वर्षाला साधारण एक लाखाच्या आसपास असते. म्हणून ज्या घरात नवा रुग्ण सापडतो, त्या घरातील मुलांची अंगावरच्या चट्ट्यांसाठी नियमित तपासणी करावी लागते आणि सहवासातील निरोगी माणसांना रिफॅम्पिसिन या औषधाचा एक प्रतिबंधक डोस दिला जातो. तुमच्या मुलीला दोन-चार आठवडे आमच्यात राहून, आमच्या ताटात जेवून काही होईल, ही भीती तुम्ही मनातून काढून टाकावी.

आता पायांविषयी. आमच्याकडे म्हणतात, नस गेली ती गेली. औषधाने जंतू मरतात, पण या रोगाने पुरती निकामी झालेली नस, म्हणजे मज्जातंतू, पुन्हा जिवंत होत नाही, आणि तळपायाची संवेदना एकदा गेली की माणूस उरलेले सगळे आयुष्य त्या बधिर पायांवर चालतो. बोटे रोगाने झडतात असा समज अजूनही आहे. वेल्लोर येथे काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे हे दाखवून दिले, की हाता-पायांची हानी प्रामुख्याने वेदना न कळल्यामुळे, म्हणजे भाजणे, कापणे, घासणे लक्षातच न आल्यामुळे होते. काही रुग्णांची बोटे रात्रीतून कमी होत होती, तेव्हा त्यांनी पाळत ठेवली आणि झोपेत उंदीर बोटे कुरतडत असल्याचे आढळले. त्यानंतर रुग्णांना सोबत मांजरे ठेवायला सांगण्यात आले. ही हकिगत मी नव्या कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगते, कारण एवढे समजले की पुढचे सगळे समजते.

माझ्या घरातली हकिगत सांगते. १९९८च्या पावसाळ्याच्या तोंडाशी परदेशातून तरुणांचा एक गट वसाहतीत आला होता. त्यातील एका मुलाची आणि माझ्या वडिलांची भाषा एक नव्हती, तरी बारा दिवसांत दोघांचे चांगले जुळले. निघताना त्या मुलाने स्वतःचे जवळजवळ नवे स्पोर्ट्स बूट वडिलांना दिले. वडील तोपर्यंत रुग्णालयातून मिळणाऱ्या मऊ रबराच्या, एमसीआरच्या चपला वापरत. त्या चपला पायाला हितकारक असतात, पण बाजारात कोणाच्याही पायात दिसल्या की हा माणूस कुठला ते लोकांना कळते. पुढच्याच आठवड्यात वडिलांच्या चुलतभावाच्या घरी लग्न होते. ते बूट घालून वडील कित्येक वर्षांनी आपल्या मूळ गावी पाहुणे म्हणून गेले, एसटी स्टँडपासून मांडवापर्यंत चालत गेले, पंगतीत बसले, आणि त्या दिवशी कोणीही त्यांच्या पायांकडे पाहिले नाही. रात्री घरी येऊन त्यांनी बूट काढला तेव्हा मोजा रक्ताने भिजून तळव्याला चिकटलेला होता. बुटाच्या आतली एक शिवण टोचत होती आणि खालचा तळ दुमडला गेला होता. दिवसभर त्यावर चालूनही त्यांना काहीच जाणवले नव्हते. जखम हाडापर्यंत गेली आणि चार महिन्यांनी उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. त्या मुलाला आभाराचे पत्र वडिलांनी माझ्याच हातून लिहून घेतले. बोटांविषयी त्यात एक अक्षरही लिहू दिले नाही.

त्या मुलाचा दोष होता असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. पाय कसा पाहायचा हे त्याला इथे येण्यापूर्वी कोणी शिकवले नव्हते आणि इथे आल्यावरही कोणी शिकवले नाही. बारा दिवस तो मुलांबरोबर फुटबॉल खेळला.

शिकायचे असते ते एवढेच. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ओसरीवर प्लास्टिकची घमेली मांडली जातात. त्यात साधे, गार पाणी असते. गरम पाणी चालत नाही, कारण भाजले तरी कळत नाही. वीस मिनिटे पाय भिजवायचे. मग खरखरीत दगडाने टाचेची आणि तळव्याची कडक कातडी हलक्या हाताने घासून काढायची, कारण याच घट्ट्याखाली दाब वाढून आतल्या आत जखम होते. पाय ओले असतानाच तेल चोळायचे, म्हणजे ओलावा टिकतो. त्यानंतर दिव्याखाली तळवा, टाचेच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या पाहायच्या: कुठे लाली आहे का, फोड आहे का, काटा रुतला आहे का, एखादी जागा दुसरीपेक्षा गरम लागते का. शेवटी चपला उलट्या करून आत खडा किंवा खिळा नाही ना, हे चाचपायचे. ज्यांच्या डोळ्यांच्या पापण्या पूर्ण मिटत नाहीत, त्यांच्या डोळ्यांत कचरा गेला आहे का, तेही याच वेळी पाहायचे. ड्रेसिंग आणि कापाकापी हे प्रशिक्षित माणसांचे काम आहे, त्याला हात लावायचा नाही. बाकीचे सगळे सतरा वर्षांची मुलगी दोन दिवसांत शिकते. आणि ज्या आजोबांची मान झुकत नाही, नजर अधू आहे, हाताची बोटे वाकडी झाली आहेत, त्यांना स्वतःचा तळवा स्वतः पाहता येत नाही. तिथे रोज संध्याकाळी एक धडधाकट, डोळस माणूस समोर बसणे याचे मोल मी कसे सांगू? आमच्याकडे हे करायला माणसे कमी पडतात आणि त्यातून जखमा वाढतात.

मुलांविषयी लिहिताना मला अधिक सांभाळून लिहावे लागेल, कारण माझे म्हणणे कठोर वाटण्याचा संभव आहे. आमची मुले रुग्ण नाहीत. त्यांना आई-वडील आहेत, घर आहे, शाळा आहे, परीक्षा आहेत, आणि त्यांची सगळी धडपड इतरांसारखे होण्यासाठी चाललेली असते. मी सातवीत होते तेव्हा शहरातल्या शाळेत जात असे. वर्गात माझा पत्ता कोणाला ठाऊक नव्हता. मी एक थांबा आधी उतरून उरलेले अंतर चालत जाई. एके दिवशी एका परदेशी गटाची गाडी बॅनर लावून शाळेच्या अंगणात आली. वह्या आणि कंपासपेट्या वाटायच्या होत्या. वसाहतीतल्या मुलांनी पुढे यावे असे ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले, आणि वर्गशिक्षिकांनी हजेरीपटावरून आम्हा तिघांची नावे वाचली. वह्या चांगल्या होत्या, पाहुणे प्रेमाने बोलले, माझ्या गालाला हात लावून एक बाई रडल्याही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या बाकावर माझ्याशेजारी कोणी बसेना. डबा खाताना घोळका सरकून बसू लागला. मी ती शाळा सोडली नाही, कारण वडिलांनी सोडू दिली नाही, पण आमच्या तिघांमधील एका मुलाने सोडली आणि तो पुन्हा कधी शाळेत गेला नाही.

रोग आई-बापाला होतो आणि भोग मुलांच्या वाट्याला येतात, हे जगभर घडले आहे. हवाईच्या कालौपापा वसाहतीत नवजात बाळे आयांपासून काढून नेली जात. ब्राझीलमध्ये सक्तीच्या विलगीकरणाच्या काळात रुग्णांची निरोगी मुले वेगळ्या संस्थांमध्ये ठेवली गेली. तिथल्या सरकारने त्या मुलांसाठी नुकसानभरपाईचे निवृत्तिवेतन देणारा कायदा केला तो २०२३ साली, म्हणजे ती मुले म्हातारी झाल्यावर. जपानमध्ये कुमामोतो येथील न्यायालयाने २०१९ साली रुग्णांच्या कुटुंबीयांनाही भरपाई द्यावी असा निकाल दिला. आपल्याकडे कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांमधून काढले गेले तेही २०१९ मध्येच. हे सगळे मी अशासाठी सांगते, की एखाद्या मंडळाने उदार मनाने ‘कुष्ठरुग्णांच्या मुलांसाठी’ दूरच्या शहरात वसतिगृह काढण्याचे ठरवले, तर त्यांनी आधी हा इतिहास लक्षात घ्यावा. मुलाला आईपासून उचलून नेण्याऐवजी आईच्या घरापासून शाळेपर्यंत सायकल द्यावी, आणि ती देताना गाडीवर बॅनर लावू नये. तुमच्या स्मरणिकेत आमच्या मुलांचे छायाचित्र छापू नये, पाठमोरेसुद्धा नाही. गावातल्या माणसांना पाठही ओळखता येते.

मुलांसाठी काही करायचेच असेल तर त्याची एक चांगली वाट आहे आणि तिला विमानाचे तिकीट लागत नाही. आमच्या दहावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी आणि गणित शिकवणारे कोणी मिळत नाही. तुमच्या एखाद्या मुलीने आठवड्यातून एक तास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एकाच विद्यार्थ्याला संगणकावरून दोन वर्षे शिकवले, तर तीन आठवड्यांच्या सहवासापेक्षा ते कितीतरी पटींनी उपयोगी पडेल. आमच्या मुलांना माणसे येण्याची सवय आहे आणि जाण्याचीही. तिसऱ्या वर्षी तेच नाव पडद्यावर पाहण्याची सवय त्यांना नाही.

परदेशी पाहुण्यांनी येऊच नये असे मी म्हणते आहे, असा कृपया समज करून घेऊ नये. बाबा आमटे यांच्या आनंदवनात १९५०च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण स्वयंसेवक येऊन राहिले होते. त्यांनी विटा वाहिल्या, भिंती उभारल्या, तिथेच स्वयंपाक केला आणि तिथल्या माणसांबरोबर जेवले. त्यापूर्वी वरोऱ्याचे लोक आनंदवनाच्या मळ्यातील भाजी विकत घ्यायला कचरत असत. समुद्रापलीकडून आलेली ही मुले इथले अन्न खातात आणि त्यांना काही होत नाही, हे गावाने डोळ्यांनी पाहिले आणि हळूहळू मनातली अढी सुटत गेली. बाहेरून आलेल्या माणसाची खरी ताकद कशात आहे ते मला या प्रसंगात दिसते. आम्ही आमच्या तोंडाने शंभर वेळा सांगून जे पटत नाही, ते पाहुण्याच्या हातातल्या घासाने पटते. म्हणून तुमच्या मुलांनी आमच्या घरी जेवावे, आमच्या माणसांबरोबर आठवडी बाजारात जावे, चहाच्या टपरीवर त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसून चहा घ्यावा. टपरीवाला ते पाहत असतो. दुसऱ्या दिवशी तो कागदी कपाऐवजी काचेच्या ग्लासात चहा देतो का, हे मी आवर्जून पाहते, आणि असे घडलेले मी पाहिलेले आहे.

आणखी एका कामात तुमची मुले इतर सर्व परदेशी स्वयंसेवकांपेक्षा सरस ठरतील, कारण त्यांना मराठी येते. गेल्या पावसाळ्यात मी आईला घेऊन रेशन दुकानात गेले. तिच्या हाताची बोटे झिजून आखूड झाली आहेत. उरलेल्या टोकांवर रेषा नाहीत. दुकानदाराने यंत्रावर तिचा अंगठा ठेवला, मग दुसरा अंगठा, मग एकेक करून सगळी बोटे, प्रत्येक वेळी पुसून, थोडे पाणी लावून पुन्हा. यंत्र प्रत्येक वेळी नकार देत होते आणि मागची रांग चुळबुळत होती. दुकानदार भला माणूस होता, ‘आजी, तुमचं बोट लागत नाही’ असे तो हळू आवाजात म्हणाला, पण ते सगळ्यांना ऐकू गेले आणि आईने हात पदराखाली घेतला. डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवण्याची सोय आहे, मात्र ज्यांचे डोळे याच रोगाने अधू झाले त्यांना तिचाही उपयोग होत नाही. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान, हयातीचा दाखला, बँकेचे खाते, या प्रत्येक ठिकाणी हीच अडचण पुन्हा उभी राहते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तींचा स्पष्ट समावेश आहे, पण प्रमाणपत्रासाठी अर्ज भरणे, जिल्हा रुग्णालयात तारीख घेणे आणि त्या तारखेला तिथे दिवसभर बसणे हे सत्तरीच्या माणसाला एकट्याने झेपत नाही. पहिल्यांदा गेले तर कागद अपुरा निघतो, दुसऱ्यांदा साहेब रजेवर असतात. अशा वेळी सोबतीला अर्ज वाचू शकणारे, मोबाइलवर माहिती भरू शकणारे, आजींशी चार शब्द बोलू शकणारे तरुण माणूस असेल तर अडलेले काम पुढे सरकते. मराठी तोडकीमोडकी असली तरी हरकत नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांमध्ये जी मुले शिकली आहेत, त्यांच्याकडे वाचण्यापुरती मराठी असते, आणि आम्हाला तेवढी पुरते.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. दोन आठवड्यांसाठी येणाऱ्या दहा मुलांच्या गटाऐवजी सहा आठवडे राहणारी दोन मुले पाठवावीत, आणि त्यांच्यापैकी एक तरी पुढच्या वर्षी परत येईल असे आधी ठरवावे. शाळेसाठी सेवेच्या तासांचे प्रमाणपत्र लागत असेल तर ते संकोच न करता मागावे; घमेली भरण्याचे आणि तहसील कचेरीत बसण्याचे तास आम्ही आनंदाने लिहून देऊ. ‘महारोगी’ हा शब्द आणि त्याचा इंग्रजी पर्याय घरातूनच वर्ज्य करून पाठवावे. भेटवस्तू म्हणून बूट, चपला, सॅंडल काहीही पाठवू नये. त्यावर खर्च करायचा असेल तर एमसीआर चपला माणसाच्या मापाने बनवणारा कारागीर जिथे आहे, त्या रुग्णालयाला त्याचे साहित्य विचारून पाठवावे, आणि चपला नेहमीच्या चपलांसारख्या दिसतील अशा रंगांत आणि पट्ट्यांत बनवता येतील का, याचाही विचार त्यांच्याबरोबर करावा. माझ्या वडिलांना हवे होते ते एवढेच होते.

राहता राहिला महिन्याचा प्रश्न. मे महिन्यात विदर्भात उन्हाने जमीन तापते आणि तुमची मुले आजारी पडतील. जून संपता संपता पाऊस लागतो, शाळा सुरू झालेल्या असतात, आणि ओल्या चपलांनी, चिखलाने बधिर पायांच्या जखमा वाढतात त्या याच दिवसांत. जुलै आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा आम्हाला माणसे सर्वांत जास्त लागतात. खोली आहे, पंखा आहे, जेवण आमच्याच स्वयंपाकघरातले असेल. येताना पावसाची छत्री आणि एक विजेरी आणावी, आणि नखे कापून यावे.

आपली,
वसाहतीत वाढलेली एक लेक